‘झालं का?’ला दिलेलं खोटं उत्तर

(पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.)

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४. लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा समंजस आहे, माझी काळजी घेतो, संबंधही नियमित आहेत. पण खरं सांगायचं तर त्याच्यासोबत मला एकदाही ऑरगॅझम आलेला नाही. लग्नानंतर सुरुवातीलाच त्याने विचारलं, ‘झालं का?’ आणि मी ‘हो’ म्हणून गेले. तेव्हापासून तेच चाललंय. श्वास वाढवायचा, थोडा आवाज काढायचा, मग डोळे मिटून पडून राहायचं. एकटी असताना मला ते सुख मिळतं, तेही फार वेळ न लागता. मग दोष माझ्यात आहे का? इतक्या वर्षांनी सांगितलं तर त्याला काय वाटेल? न सांगता काही करता येईल का?

उत्तर : पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. एकटी असताना सुख मिळतं. तुम्ही माझ्यासमोर बसला असतात तर मी पहिला प्रश्न तोच विचारला असता. ते मिळतंय याचा अर्थ तुमच्या नसा, रक्तपुरवठा, संप्रेरकं सगळं जागच्या जागी आहे. एकटीने तुम्ही जे करता आणि दोघं मिळून जे करता, त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, एवढाच काय तो घोळ.

एकटीने काय करता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक जणी करतात तेच असणार. योनीच्या आत फारसं काही नाही. बोटं बाहेर, वरच्या बाजूला, शिश्निकेवर किंवा तिच्या शेजारी. दाब आपल्याला हवा तेवढा, लय एकसारखी, आणि शेवट जवळ आला की त्यात काडीचाही बदल नाही. आता नवऱ्यासोबत काय होतं ते आठवा. शिश्न योनीत, आणि शिश्निकेला काही लागलंच तर योगायोगाने.

शिश्निका, म्हणजेच क्लिटोरिस. बाहेरून दिसतं ते तिचं टोक. हेलन ओकॉनेल या ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोग शल्यचिकित्सक बाईंनी १९९८ साली शवविच्छेदनावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला आणि शरीररचनेच्या पुस्तकांनी हा अवयव किती त्रोटक दाखवलाय हे सांगितलं. त्याचा बराचसा भाग आत असतो. दोन बाजूंना फाकलेले दोन पाय, आणि योनीमुखाला दोन्हीकडून बिलगलेले दोन फुगीर भाग. उत्तेजना वाढते तसं त्यांत रक्त भरतं, ते ताठरतात. योनीच्या खोलवरच्या भागात मात्र स्पर्शाची जाणीव तुलनेने कमी असते. म्हणून ‘आणखी आत, आणखी जोरात’ हा पुरुषांचा आवडता उपाय बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जातो.

आकडे हवे असतील तर अमेरिकेतल्या १,०५५ स्त्रियांची एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ संभोगाने ऑरगॅझम येतो असं म्हणणाऱ्या होत्या १८.४ टक्के. त्या वेळी शिश्निकेला स्पर्श हवाच, असं ३६.६ टक्के जणींनी सांगितलं. आणखी ३६ टक्के म्हणाल्या, हवाच असं नाही, पण असला तर सुख वाढतं. म्हणजे तुम्ही अपवाद नाही आहात. अपवाद असलाच तर तो त्या १८.४ टक्क्यांचा.

दुसरी एक पाहणी मला याहून बोलकी वाटते. तीही अमेरिकेतलीच, बावन्न हजारांहून अधिक लोकांची. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या स्त्रियांपैकी ६५ टक्के जणींना नेहमी किंवा बहुतेक वेळा ऑरगॅझम येत होता. स्त्रियांशी संबंध ठेवणाऱ्या स्त्रियांत हेच प्रमाण ८६ टक्के. स्त्रियांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ९५. बाईचं शरीर दोन्हीकडे तेच! ‘बायकांची रचनाच गुंतागुंतीची, त्यांना वेळ लागायचाच’ म्हणणाऱ्यांनी या ८६ चं काय करायचं ते सांगावं.

हा गैरसमज आजचा नाही. प्रौढ स्त्रीचं सुख शिश्निकेकडून योनीकडे ‘सरकायला’ हवं, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड १९०५ साली लिहून बसला, आणि पिढ्यान्‌पिढ्या बायका स्वतःला अपुऱ्या समजत राहिल्या. नेपोलियनच्या घराण्यातली मारी बोनापार्त त्यातलीच. संभोगातून सुख मिळत नाही म्हणून तिने इतर बायकांची मापं गोळा केली, १९२४ मध्ये टोपणनावाने निबंध छापला, आणि पुढे शिश्निका योनीच्या जवळ आणण्यासाठी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. एकदा जमलं नाही म्हणून पुन्हा. उपयोग शून्य. हाताची दोन बोटं तिथवर न्यायची सोडून सुरी चालवून घ्यावी लागते, इतकं त्या विचाराचं ओझं होतं.

आता सांगायचं कसं. न सांगता काही होणार नाही, कारण नवऱ्याकडे असलेली माहितीच चुकीची आहे. तो जे करतो त्याला तुम्ही नऊ वर्षं पसंती देत आलात. तो ते बदलेल कशाला? तेव्हा पहिलं काम हे की नाटक बंद. आजपासून. आवाज येईल तेव्हाच येऊ द्या, नाही आला तर नाही.

बोलणं अंथरुणात नको, आणि संबंध आटोपल्यावर लगेच तर मुळीच नको. त्या वेळी माणूस उघडा असतो, शब्द लागतात. दोघं चालायला गेला आहात, गाडीत शेजारी बसला आहात, अशी वेळ बरी. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा. ‘मला हल्लीच कळलं’ अशी नवी थाप मारू नका, ती उद्या अंगाशी येईल. साधं बोला. ‘नुसत्या संभोगाने मला शेवटपर्यंत पोचता येत नाही. मला वेगळ्या पद्धतीने होतं. ते तुला दाखवावं असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतंय.’ नऊ वर्षांचा जमाखर्च पहिल्याच दिवशी मांडायची गरज नाही. पण त्याने सरळ विचारलं, ‘मग आजवर?’, तर खरं सांगा आणि कारणही सांगा. तुला वाईट वाटू नये म्हणून, आणि एकदा सुरू केल्यावर थांबवता येईना म्हणून. तो दोन दिवस गप्प राहील कदाचित. राहू द्या. त्याची समजूत घालण्याच्या भरात ‘अरे, कधी कधी होतं’ असं म्हणून माघार घेऊ नका.

मग दाखवायचं. हे तोंडी सांगून जमत नाही, कारण ‘जरा वर’ म्हणजे नेमकं किती, हे अंधारात कुणाला कळणार? त्याचा हात तुमच्या हाताखाली घ्या. बोटं कोरडी नकोत, ल्युब्रिकंट लावा. टोकावर थेट दाब पुष्कळ जणींना सहन होत नाही, वरच्या त्वचेच्या पडद्यावरून किंवा एका बाजूने बरं वाटतं. तुमचं काय ते तुम्हाला माहीतच आहे. आणि एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा: ‘मी “असंच” म्हटलं की असंच ठेवायचं.’ जोडीदारीण खुलायला लागली की पुरुष उत्साहाने वेग वाढवतात आणि लय मोडते. त्यांचा हेतू चांगला असतो, परिणाम वाईट. संभोग करतानाच हवं असेल तर तुम्ही वर, किंवा दोघं कुशीवर, म्हणजे मधे हात जायला जागा राहते. हात तुमचाच असला तरी बिघडलं नाही. व्हायब्रेटर असला तरीही नाही. आणि तुमचं आधी, संभोग नंतर, असा क्रम का असू नये? त्याचं झालं की दिवा मालवायचा हा नियम कुणी केला, एवढं एकदा दोघांनी मिळून स्वतःला विचारा.

पहिल्या दोन-चार वेळा दोघंही अवघडाल, हसू येईल. हसा.

प्रश्न : माझं वय ४१, पत्नी ३८ वर्षांची. लग्नाला १२ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. ती स्वतःहून कधीच पुढाकार घेत नाही. मी जवळ गेलो की बहुतेक वेळा ‘दमलेय, आज नको’. पण कधी सुरू झालंच तर नंतर तीच म्हणते की छान वाटलं. मग आधी इच्छा का होत नाही? मी पाय चेपून देतो, पाठीला मालिश करतो. पण माझा हात लागला की ती आक्रसते. स्त्रियांसाठी अशी काही गोळी मिळते का?

उत्तर : गोळीचं शेवटी बघू.

इच्छा आधी, मग स्पर्श, मग उत्तेजना, असा क्रम आपण गृहीत धरतो. काहींचा तो असतोही. पण दीर्घकाळच्या नात्यात पुष्कळ स्त्रियांचा, आणि काही पुरुषांचाही, क्रम उलटा असतो. आधी निवांतपणा, जवळीक, हवासा स्पर्श. शरीर जागं होतं, आणि इच्छा त्याच्या मागून येते. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टर बाईंनी २००० साली हे नीट मांडलं. ‘नंतर छान वाटलं’ हे तुमच्या पत्नीचं वाक्य त्यात चपखल बसतं. तिला इच्छा नाही असं नाही, ती दारात उभी राहून वाट बघत नाही इतकंच.

मात्र यातून सोयीचा अर्थ काढू नका. ‘सुरू केलं की येईलच इच्छा’ असं समजून रेटणारे नवरे मी पाहिलेत, आणि पाच-सहा वर्षांनी त्यांच्या बायकांना स्पर्शाचीच शिसारी आलेलीही पाहिलीय. सुरुवातीला ती निदान ‘बघू या’ म्हणायला राजी हवी, आणि मधेच थांबली तर तुमचा चेहरा पडता कामा नये.

अमेरिकेतल्या किन्सी या लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या संस्थेतले जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी मांडलेली एक कल्पना इथे कामाची आहे. मेंदूत कामेच्छेसाठी अ‍ॅक्सिलरेटर असतो तसा ब्रेकही असतो, आणि दोन्ही एकाच वेळी दाबलेले असू शकतात. तुम्ही मालिश करून अ‍ॅक्सिलरेटर दाबताय. तिचा पाय ब्रेकवर आहे. मुलं झोपलीत का, दाराला कडी आहे का, उद्या किती वाजता उठायचंय, पोट सुटलंय ते दिसेल का, गर्भ राहिला तर. यादी तिची तिलाच विचारा, पण संध्याकाळच्या चारचौघांसारख्या गप्पांत, ‘आज जमेल का’ हे मनात ठेवून नव्हे. तुमच्या पत्रात मुलं आहेत, त्यांचं करतं कोण ते नाही. रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत कोण किती वेळ उभं असतं, ते या आठवड्यात जरा बघा. दमलेय म्हणणारी बाई बऱ्याचदा खरोखरच दमलेली असते, हे आम्हा डॉक्टरांनाही उशिरा सुचतं.

आणि ते आक्रसणं. तुमचा स्पर्श आजवर जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी जाऊन थांबला असेल, तर पाय चेपणं हेही तिला आगाऊ भरलेला हप्ता वाटणार. यावर मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन लैंगिकता-संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास रूढ केलेली पद्धत मी अजूनही देते, कारण ती चालते. काही आठवडे संभोग बंद. ठरवून, दोघांनी मिळून, अपवाद न करता. आठवड्यातून दोनदा, साधारण अर्धा तास, आळीपाळीने एकमेकांना स्पर्श करायचा. आधी स्तन आणि जननेंद्रियं वगळून. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला उत्तेजित करायचा खटाटोप करायचा नाही, स्वतःच्या हाताला काय लागतंय ते बघायचं. मऊ, खरखरीत, गरम, गार. ज्याला स्पर्श होतोय त्याने नको असेल तेवढं सांगायचं, हात धरून बाजूला केला तरी चालेल. हे सहज वाटू लागलं की मग स्तन, मग जननेंद्रियं, आणि संभोग अगदी शेवटी. तुम्हाला ताठरता आली तर आली, तिचं काही करायचं नाही. पुरुषांना हा भाग जड जातो. पण ‘यानंतर काही होणार नाहीये’ हे बायकोच्या शरीराला खरंच पटलं, की ते सैल पडायला लागतं. शब्दांनी ते पटत नाही.

आता गोळी. अमेरिकेत २०१५ मध्ये फ्लिबॅन्सेरिन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली, पाळी न गेलेल्या आणि इच्छा कमी झाल्याचा त्रास वाटणाऱ्या स्त्रियांसाठी. रोज घ्यावं लागतं, फायदा माफक, चक्कर आणि गुंगी येऊ शकते, मद्याशी वैर. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावर ते उत्तर नाही. तपासायचंच असेल तर तिचा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि मनाची उदासी तपासून घ्या. पण तिलाही तपासावंसं वाटत असेल तर. तक्रार तुमची आणि रक्त तिचं, असं नको.

प्रश्न : वय २७. मी आणि माझी मैत्रीण वर्षभर एकत्र राहतोय. मी पाच मिनिटं टिकतो. मित्र सांगतात अर्धा तास. ती समाधानी राहील ना?

उत्तर : पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून मोजलं, २००५ साली निष्कर्ष छापून आले. मध्यक निघाला ५.४ मिनिटं, म्हणजे निम्मे त्याहून कमी टिकले, निम्मे जास्त. मित्रांकडे स्टॉपवॉच नव्हतं हे उघड आहे. मिनिटभरात किंवा त्याआधीच वीर्यपतन होत असेल, नेहमीच होत असेल आणि त्याचा त्रास वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा, उपचार आहेत. तुमच्या बाबतीत तसं नाही. ती समाधानी आहे का हे मित्रांना, मला आणि सगळ्या जगाला विचारून झालं असेल तर तिला विचारा. बोटांना आणि जिभेला पाच मिनिटांची मर्यादा नसते. पहिल्या पत्राचं उत्तरही वाचा, ते तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : माझं वय ५३, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. संबंधांच्या वेळी आत सोलल्यासारखी आग होते, नंतर दोन दिवस लघवीला जळजळ. पतींना वाटतं माझं मन उडालं. तसं नाही हो, पण दुखण्याची धास्ती बसलीय. मैत्रिणी म्हणतात, आता या वयात कशाला?

उत्तर : कशाला म्हणजे? तुम्हाला हवंय म्हणून.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं. योनीचं अस्तर पातळ होतं, लवचिकपणा जातो, ओलावा कमी होतो, मूत्रमार्गालाही त्याची झळ बसते. अंगातून वाफा येणं बहुतेक जणींत कालांतराने कमी होतं, हे मात्र आपोआप बरं होत नाही, उलट वाढत जातं. म्हणून ‘होईल सवय’ म्हणून सोसू नका. दुखत असताना संबंध ठेवले की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळून बसतात, आणि मग कोरडेपणा बरा केला तरी दुखणं उरतं.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी. लघवीचा संसर्ग आहे का तेही बघायला हवं. पाळी गेल्यानंतर कधीही, थेंबभर जरी रक्त दिसलं, तर वेगळं आणि लगेच दाखवायचं. बाकी सगळं ठीक असेल तर योनीत वापरायचं इस्ट्रोजेन, क्रीम किंवा छोटी गोळी. आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते फारच थोडं जातं. फरक पडायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत ट्यूब कपाटात टाकणाऱ्या पुष्कळ असतात, तुम्ही टाकू नका. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांशी बोलायला हवं. संप्रेरक नकोच असेल तर योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, आणि संबंधांच्या वेळी ल्युब्रिकंट, दोघांनाही, भरपूर. सुगंधी, गरम वाटणारं काही नको. कंडोम वापरत असाल तर तेल किंवा व्हॅसलीन नको, लॅटेक्स फाटतं.

क्रीमचा परिणाम दिसेपर्यंत आत काहीही जाणार नाही, असं पतींना सांगून टाका, आणि बाकीचं सगळं चालू ठेवा. मन उडालेलं नाही हे त्यांना त्यातून कळेल. शिश्निकेला पाळी गेल्याचं निवृत्तिपत्र मिळत नाही; तिला आता थोडा जास्त वेळ आणि थोडा जास्त दाब लागेल.

प्रश्न : वय २९. नैराश्यासाठी चार महिन्यांपासून एस्सिटालोप्रॅम घेते. मन सावरलंय, पण ऑरगॅझम येतच नाही. अगदी जवळ जाऊन विरून जातो. पूर्वी असं नव्हतं. गोळी बंद करू का?

उत्तर : स्वतःच्या मनाने नाही. एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी येते आणि नैराश्य परतू शकतं. तुम्ही सांगताय तो नैराश्यावरच्या या प्रकारच्या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. जोडीदार, नातं, तुमचं वय, कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. मात्रा कमी करणं, औषध बदलणं, बुप्रोपियॉनसारखं नैराश्यावरचंच दुसरं औषध जोडणं, असे मार्ग मनोविकारतज्ज्ञांकडे असतात, पण बहुतेक डॉक्टर हे आपणहून विचारत नाहीत आणि बहुतेक पेशंट सांगत नाहीत. पुढच्या भेटीत खुर्चीत बसल्या बसल्या, झोप कशी आहे हे विचारायच्या आतच म्हणा, ‘गोळी सुरू झाल्यापासून मला ऑरगॅझम येत नाही आणि मला ते चालणार नाही.’ डॉक्टर पुरुष असले तरी असंच म्हणा. तोवर संबंध ठेवायचे असतील तर ठेवा, पण शेवट गाठायचाच असा आटापिटा नको. जास्त वेळ आणि व्हायब्रेटर यांनी काही जणींना मदत होते.